पाठवणारी मंडळी कुठे आहे?

आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गेल्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक वाचून दाखवले जात होते. इमारतीची डागडुजी, ध्वनियंत्रणा, संजीवन सभांच्या वक्त्यांचा प्रवासखर्च आणि नाताळचा कार्यक्रम अशा एकेका बाबीवर चर्चा झाली, दोन-तीन बाबींवर तर चांगलीच खडाजंगी झाली. सुवार्ताकार्याची, म्हणजे येशूची सुवार्ता इतरांपर्यंत नेण्यासाठी माणसे पाठवण्याच्या कामाची, रक्कम शेवटून दुसऱ्या ओळीत, ‘संकीर्ण’ या शीर्षकाच्या जरा वर होती. तिच्यावर कोणी एक शब्दही बोलले नाही आणि ती ओळ एकमताने मंजूर झाली. मीही हात वर केला होता, त्यामुळे इथे जे लिहितो आहे त्यातून मी स्वतःला वगळलेले नाही. त्या एकमताचा अर्थ मला घरी परतल्यावर उमगला. ज्या गोष्टीची कोणाला झळ बसत नाही, तिच्यावर वाद होत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी प्रभूने दिलेली आज्ञा आपल्याला तोंडपाठ आहे. ‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ या वाक्यातील ‘राष्ट्रे’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर जगाचा नकाशा आणि त्यावरील देशांच्या सीमारेषा येतात. मूळ ग्रीक शब्द ‘एथ्ने’ आहे आणि त्याचा रोख राज्यांपेक्षा लोकांवर, म्हणजे भाषा, वंश आणि चालीरीतींनी एकत्र बांधलेल्या समूहांवर आहे. १९७४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या परिषदेत अमेरिकन मिशन-अभ्यासक राल्फ विंटर यांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. जवळजवळ प्रत्येक देशात मंडळी स्थापन झाल्यामुळे मिशनकार्य संपत आले असे वाटत असले, तरी त्याच देशांमध्ये असे हजारो समूह आहेत की ज्यांच्या भाषेत, ज्यांच्या नातेसंबंधांच्या जाळ्यात एकही मंडळी नाही, आणि शेजारच्या समाजातील मंडळी कितीही उत्साही असली तरी तिची साक्ष भाषेची आणि संस्कृतीची भिंत ओलांडून आपोआप त्यांच्यापर्यंत जात नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अशा समूहांची मोजदाद करणाऱ्या जोशुआ प्रोजेक्टच्या यादीत एकूण सुमारे १७,००० लोकसमूह असून त्यांतील ७,००० हून अधिक ‘सुवार्ता न पोहोचलेले’ या वर्गात मोडतात. त्यांची एकत्रित लोकसंख्या ३०० कोटींहून अधिक भरते. ज्या समूहात सुवार्तावादी (इव्हँजेलिकल) ख्रिस्ती २ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ख्रिस्ती ५ टक्क्यांपेक्षा कमी असतात, तो समूह या वर्गात धरला जातो. आता, या आकड्यांना शास्त्रवचनाचा दर्जा देऊ नये. दोन देशांत राहणारा एकच समूह त्या यादीत दोनदा मोजला जातो, आणि २ टक्क्यांची रेषा ही माणसांनी सोयीसाठी ओढलेली आहे. पण रेषा थोडी इकडे-तिकडे सरकवली तरी चित्र फारसे बदलत नाही.

‘न पोहोचलेले’ म्हटले की अनेकांना जंगलातील एखादी वस्ती आठवते. २०१८ साली अंदमानातील नॉर्थ सेंटिनेल बेटावर गेलेल्या एका अमेरिकन तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हापासून तर या विषयाचे नाव काढताच तीच घटना पुढे केली जाते. त्या तरुणाच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. तरीही बाहेरच्या साध्या आजारांशीही लढण्याची प्रतिकारशक्ती ज्यांच्याकडे नाही अशा लोकांच्या किनाऱ्यावर, कायद्याने बंदी असताना उतरणे हे मला प्रेमाचे पाऊल वाटत नाही, आणि ते आपण मोकळेपणाने म्हणायला हवे. मात्र त्या एका बेटावरून ३०० कोटी लोकांचा विचार करणे हीदेखील चूक आहे. जपानी लोकांचे उदाहरण घ्या. बारा कोटींच्या आसपास लोकसंख्या, जवळपास संपूर्ण साक्षरता, धर्मस्वातंत्र्य देणारी राज्यघटना आणि जपानी भाषेतील बायबल, असे सगळे असूनही ख्रिस्ती लोकांचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपासच आहे. तिथे होडीने चोरून जावे लागत नाही. तिथे जायला जपानी शिकण्याची, त्या समाजात कित्येक वर्षे पाहुण्यासारखे राहण्याची आणि कोणी फारसे ऐकत नसतानाही न कंटाळण्याची तयारी लागते. न पोहोचलेल्या समूहांतील पुष्कळ लोक असेच शहरांत राहतात, शिकलेले आहेत आणि रोज कामावर जातात. त्यांच्या ओळखीत ख्रिस्ती माणूस नाही, एवढेच.

मग माणसे का जात नाहीत? या प्रश्नाला आपण नेहमी व्यक्तीच्या पातळीवरचे उत्तर देतो. तरुणांमध्ये समर्पण राहिले नाही, सगळ्यांना नोकरी आणि स्थैर्य हवे, पाचारण ऐकू येत नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे उत्तर पटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा तेरावा अध्याय पुन्हा वाचा. अंत्युखियाची मंडळी प्रभूची सेवा व उपास करत असताना पवित्र आत्मा बोलला तो त्या मंडळीशी, आणि बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवून त्यांना रवाना केले तेही तिनेच. त्या मंडळीतील ज्या पाच संदेष्ट्यांची व शिक्षकांची नावे लूकने दिली आहेत, त्यांतील हे दोघे. तिथे ज्यांच्यावाचून अडणार नव्हते अशी माणसे निवडली गेली नाहीत, पहिल्या फळीतलीच गेली. आपल्याकडे एखादा हुशार, वचनात मुरलेला तरुण दिसला की आपण त्याला लगेच युवक संघाचा सचिव करतो, मग संडेस्कूलचा प्रमुख, मग वडीलवर्गाचा, म्हणजे मंडळीच्या कारभारी मंडळाचा, सभासद, आणि दहा वर्षांनी त्याला सोडणे मंडळीला परवडणार नाही असे जाहीर करतो.

परवडण्याचाच प्रश्न असेल तर इतिहास आपल्याला फारशी सबब ठेवत नाही. १७३२ साली हेर्नहूट या जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील छोट्याशा वसाहतीतून लेओनहार्ड डोबर हा कुंभार आणि डेव्हिड निट्शमन हा सुतार कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांकडे जायला निघाले. ही मोरेव्हियन निर्वासितांची वसाहत तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती आणि तिची वस्ती काहीशे माणसांची होती. पण पुढच्याच वर्षी त्यांची माणसे ग्रीनलंडला गेली, १७३५ साली सुरीनामला आणि १७३७ साली दक्षिण आफ्रिकेला. स्वतःचे घर सोडून पळून आलेल्या लोकांनी हे केले. आपली इमारत पुरी झाल्यावर, आपले कर्ज फिटल्यावर मिशनकार्य पाहू, असा हिशेब त्यांनी मांडला असता तर तो मांडायला त्यांच्याकडे कारणे भरपूर होती.

विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याची गोष्ट आपण फार सांगतो, पण निम्मीच सांगतो. ऑक्टोबर १७९२ मध्ये इंग्लंडमधील केटरिंगच्या एका घरातील छोट्या खोलीत बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिथे जमलेल्यांनी दिलेल्या देणगीच्या वचनांची बेरीज १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स झाली. केरी पुढच्या वर्षी बंगालला निघाला आणि १८३४ साली तिथल्या श्रीरामपूर येथे मरण पावेपर्यंत एकदाही मायदेशी परतला नाही. हा भाग सर्वांना माहीत असतो. अँड्र्यू फुलर हे नाव मात्र किती जणांना ठाऊक आहे? तो केटरिंगच्या मंडळीचा पाळक होता आणि सोसायटीचा सचिव होता. खोल खाणीत कोणी उतरायचे असेल तर वर दोर धरणारे लागतात, आणि तो दोर मरेपर्यंत सोडणार नाही असे आपण केरीला वचन दिले होते, असे तो सांगत असे. त्याने ते शब्दशः पाळले. १८१५ साली मरण येईपर्यंत तो मंडळ्यांमधून वर्गणी गोळा करत, पत्रे लिहीत, मिशनच्या विरोधात लिहिणाऱ्यांना उत्तरे देत राहिला, तेही आपल्या मंडळीची पाळकाची जबाबदारी सांभाळून. मला वाटते, आज केरी व्हायला तयार असलेले तरुण मिळतील. फुलर मिळत नाहीत.

हे फक्त युरोपियनांचे काम आहे, श्रीमंत मंडळ्यांनी ते करावे, हाही एक सोयीचा गैरसमज आहे. १८७५ साली फिजी बेटांवर गोवराची भयंकर साथ आली आणि लोकसंख्येचा मोठा हिस्सा दगावला. त्याच वर्षी जॉर्ज ब्राउन हा मेथडिस्ट मिशनरी आजच्या पापुआ न्यू गिनीतील न्यू ब्रिटन बेटाला जाण्यासाठी सोबती मागायला तिथे आला, तेव्हा मंडळ्यांसाठी शिक्षक घडवणाऱ्या तिथल्या शिक्षणसंस्थेतील विद्यार्थी मोठ्या उत्साहाने पुढे आले. नव्याने आलेल्या ब्रिटिश प्रशासनाने त्यांना बोलावून घेऊन तिथले धोके समजावून सांगितले, जाणे सक्तीचे नाही हेही सांगितले. आम्ही विचार करूनच ठरवले आहे, मरण आले तर मरू, जगलो तर जगू, असे त्यांचे उत्तर होते. १८७८ साली त्यांच्यापैकी चार जण तिथे मारले गेले. त्यानंतर ब्राउनने सूड म्हणून सशस्त्र मोहीम काढली. ही गोष्ट झाकून ठेवून फिजीच्या शिक्षकांची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्या शिक्षकांनी प्राण दिले होते आणि त्यांच्या पुढाऱ्याने बंदुका उचलल्या. मिशनच्या इतिहासात हे दोन्ही शेजारी शेजारी आहे.

कोरियाचा दाखला मला त्याहून अधिक लाजवतो. १९०७ साली प्याँगयांग येथे कोरियन प्रेस्बिटेरियन मंडळीने आपल्या पहिल्या सात कोरियन पाळकांना दीक्षा दिली. नुकत्याच उभ्या राहिलेल्या, सगळीकडे पाळकांची चणचण असलेल्या त्या मंडळीने सातांपैकी एकाला, यी गी-पुंगला, जेजू बेटावर मिशनरी म्हणून पाठवायचे ठरवले. तरुणपणी याच माणसाने एका परदेशी मिशनऱ्यावर दगड फेकला होता, असे सांगितले जाते. देश जपानच्या ताब्यात गेल्यानंतर, १९१३ साली, याच मंडळीने चीनमधील शांतुंग प्रांतात तीन मिशनरी पाठवले. पुढे एका शतकात त्या छोट्या देशाचे हजारो मिशनरी जगभर पसरले, याचे मूळ मला सातांतील एक देण्याच्या त्या निर्णयात दिसते.

‘आपल्या दाराशीच इतकी गरज असताना दूर कशाला?’ हा आक्षेप दर वेळी येतो. दाराशी गरज आहे, हे कोण नाकारतो? पण दाराशी मंडळीही आहे. जिथे मंडळी आहे तिथल्या शेजाऱ्याला कधी ना कधी कोणीतरी सांगू शकेल. जिथे मंडळीच नाही, तिथे शेजारी असलेला ख्रिस्ती माणूसच नाही, आणि बाहेरून कोणी गेल्याशिवाय तो येणारही नाही. पौल रोमकरांना लिहितो की जेथे ख्रिस्ताचे नाव घेतले जात नव्हते तेथे सुवार्ता सांगण्याची त्याची आकांक्षा होती. आणि हे तो इफिस व करिंथ येथील मंडळ्यांचे सगळे प्रश्न सुटल्यावर लिहीत नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. परक्या माणसाला पाठवण्यापेक्षा स्थानिक सेवकाला पैसे पाठवावेत, ते स्वस्त पडते. जिथे स्थानिक मंडळी आहे तिथे हे पुष्कळदा योग्यच असते. पण न पोहोचलेल्या समूहाची व्याख्याच अशी की तिथे हे काम पेलणारी स्थानिक मंडळी नाही. शिवाय पैसा मैत्री करत नाही. १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया या भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सांगितले होते की तुम्ही आपली संपत्ती दिलीत, आपले देह जाळण्यासाठी दिलेत, आता आम्हांला मित्र द्या. अझरियांना हे बोलण्याचा अधिकार होता, कारण ते केवळ मागणारे नव्हते. १९०२ साली श्रीलंकेतील जाफन्याला गेले असता तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या खर्चाने मिशनकार्य करत असल्याचे त्यांनी पाहिले आणि ते अस्वस्थ झाले. पुढच्याच वर्षी तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी उभी राहिली. तिचा खर्च इथल्याच ख्रिस्ती लोकांनी उचलायचा आणि माणसेही त्यांनीच द्यायची, हे तिचे तत्त्व होते.

एक गोष्ट निक्षून लिहितो, कारण ही पोस्ट ख्रिस्ती नसलेले मित्रही वाचतील. पाठवणे म्हणजे लोकांना फूस लावणे नव्हे. आमिष, दडपण, फसवणूक, कोणाच्या आजाराचा वा गरिबीचा फायदा घेणे, दुसऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करणे, हे सारे सुवार्तेच्या विरोधात आहे. २०११ साली जागतिक मंडळी परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादासाठीची परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून साक्षीच्या आचरणाबद्दल जे निवेदन काढले त्यात हेच म्हटले आहे. एरवी एका टेबलाभोवती क्वचितच बसणाऱ्या या तिघांनी ते एकत्र म्हटले, हे विशेष. ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण मोकळीक असेल तरच त्याच्या ‘होय’ला देवापुढे काही किंमत आहे.

या मोकळिकीमुळेच हे काम मंद चालते आणि इथेच पाठवणाऱ्या मंडळ्यांचा धीर सुटतो. अमेरिकन मिशनरी अदोनिराम जडसन १८१३ साली ब्रह्मदेशातील रंगूनला पोहोचला आणि पहिला बर्मी बाप्तिस्मा १८१९ साली झाला. ब्रिटिश मिशनरी रॉबर्ट मॉरिसनला चीनमध्ये पहिल्या बाप्तिस्म्यासाठी सात वर्षे लागली. त्या वर्षांत दोघेही भाषा शिकत होते, शब्द गोळा करत होते, बायबलचे भाषांतर करत होते. आज त्यांना दर तीन महिन्यांनी छायाचित्रांसह अहवाल पाठवावा लागला असता, तर दुसऱ्या वर्षीच त्यांचा आधार बंद झाला असता असे मला वाटते. आकड्यांची घाई आपण करतो आणि मग आकडे फुगवल्याची तक्रारही आपणच करतो.

दोर धरणे म्हणजे नेमके काय, हेही बोलायला हवे. महिन्याची रक्कम वेळेवर पाठवणे हा त्याचा सर्वांत सोपा भाग आहे. गेलेल्या कुटुंबाच्या मुलांचे शिक्षण, मागे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांचे दवाखाने, तिकडे कोणी खचले तर त्याला दोष न देता परत बोलावून घेणे, परतल्यावर त्याला काम आणि घर मिळवून देणे, हे सारे त्यात येते. माझ्या माहितीतील एक जोडपे सहा वर्षांनी परत आले तेव्हा मंडळीने त्यांना अर्ध्या तासाची साक्ष द्यायला लावली, शाल दिली आणि विसरून गेली. त्यानंतर त्या मंडळीतून कोणी गेले नाही, याचे तिथल्या वडीलवर्गाला आजही नवल वाटते. योहानाच्या तिसऱ्या पत्रात अशा लोकांना देवाला शोभेल अशा रीतीने वाटेला लावावे, असे सांगितले आहे. शोभेल अशा रीतीने, हे शब्द मला त्या दिवसापासून टोचतात.

पुढच्या वार्षिक सभेसाठी मी वडीलवर्गाकडे लेखी मागणी दिली आहे. सुवार्ताकार्याची बाब अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर घ्यावी, एका न पोहोचलेल्या लोकसमूहाचे नाव ठरवून दर रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत ते घ्यावे, आणि आपल्यातील कोणाला पाठवता येईल याची नावे सुचवण्यासाठी तीन जणांची समिती नेमावी. पाळकसाहेबांनी अर्ज वाचून मला विचारले की त्या यादीत तुमच्या स्वतःच्या मुलीचे नाव आले तर काय कराल. मी त्यांना अजून उत्तर दिलेले नाही.