चौदा वाचले, चौदा मेले

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर पोहे येईपर्यंत कुणी फारसं बोलत नाही. जिरावण भुरभुरलं, जिलबीचा पहिला तुकडा मोडला की भांडणं सुरू. या वेळी विषय मीच काढला. भाचीच्या लग्नाला अलिबागला गेलो होतो. मधला एक दिवस मोकळा मिळाला, तर जवळच नवगावला ज्यूंचं जुनं कब्रस्तान बघून आलो.

"लग्नाला गेला आणि कब्रस्तान बघून आला," बंड्या म्हणाला. "मुहूर्त तरी बघितला होतास का?"

म्हटलं, ऐक तर. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, सांगतात की त्यांच्या पूर्वजांचं जहाज तिथेच कुठेतरी खडकावर फुटलं. सात पुरुष, सात बाया वाचल्या. बाकीची प्रेतं किनाऱ्याला लागली ती नवगावला पुरली, पुरुषांची एकीकडे, बायकांची दुसरीकडे.

"चौदा?" सुधाकरचा चमचा थांबला. सुधाकर आमच्यातला कुळवृत्तांतवाला. "अरे, आमचेही चौदाच! परशुरामाला किनाऱ्यावर चौदा प्रेतं सापडली, चितेवर शुद्ध करून जिवंत केली, ते आम्ही चित्पावन."

"म्हणजे त्यांचे वाचलेले चौदा, तुमचे मेलेले चौदा," बंड्या म्हणाला. "कोकणच्या समुद्राने हिशेब चोख ठेवलाय."

सुधाकर रागावला नाही, उलट खुलला. आता त्याला दोन्ही कथा एकच असल्याचं सिद्ध करायचं होतं. अप्पांनी त्याला तिथेच अडवला. अप्पा बँकेतून निवृत्त झाले, पण व्हाउचर बघितल्याशिवाय आजही काही पास करत नाहीत.

"दोन हजार वर्षांपूर्वी आले म्हणतात. कागद कुठे आहे? 1738 सालचं एका मिशनऱ्याचं पत्र, मग 1768 सालचं कोचीनच्या ज्यू व्यापारी एझिकेल राहाबींचं. त्यात काय, तर हे लोक तेल काढतात, शनिवार पाळतात आणि शेमा ही एक प्रार्थना म्हणतात. त्याच्या मागे सगळं धुकं."

"कागद नसला तरी रक्त आहे ना," मी म्हटलं. 2016 साली त्यांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. त्यात यहुदी आणि भारतीय दोन्ही वंश निघाले.

"मग त्यातून जहाज सिद्ध होतं का?"

नाही होत. अप्पांशी वाद घालायचा तर हे असं मान्य करत करतच घालावा लागतो.

मला त्या नावाची मात्र फार गंमत वाटते. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद. हिंदू तेली सोमवारी बैल सोडायचे, ते सोमवार तेली. धर्म वेगळा आहे हे गावाला कळायचं ते सुट्टीच्या वारावरून! आडनावं बघा तर दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. यातला एखादा दिवेकर रामबागेत भाड्याने राहायला आला असता तर सुधाकरने पहिल्या दिवशी गोत्र विचारलं असतं.

बंड्याचा प्लॉटचा धंदा. तो खऱ्या मुद्द्यावर आला. "भिया, ते सगळं ठीक. पण 1948 नंतर ती मंडळी इस्रायलला गेली ना? मग अलिबागची जमीन, समुद्र हाकेवर, आणि त्यावर काय, तर गवत आणि दगड. पुढच्या पिढीला तरी काही वापर करू दे."

"त्यांच्यात तसं नसतं," अप्पा म्हणाले. "एकदा पुरलं की ती जागा त्या माणसाची. काही वर्षांनी उकरून दुसऱ्याला द्यायची, हे चालत नाही."

"आणि गवत कोण काढणार? ती जागा?"

इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण गवत होतंच, कमरेइतकं, आणि त्यात दोन शेळ्या. "मग कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्या पाडून तिथे पार्किंग करू या का?" सुधाकर मदतीला धावला. पण ते काही लागू पडेना. होळकरांच्या छत्र्यांसाठी इंदूर आहे. नाव नसलेल्या तेल्याच्या दगडासाठी कोण येणार?

येतात, पण थोडे. भारतात आता सगळे मिळून पाच हजारही ज्यू उरलेले नाहीत. जे इस्रायलला गेले त्यांनाही तिथे सुखाने ज्यू म्हणवून घेता आलं नाही. लग्नासाठी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांच्या कुळाच्या चौकश्या करायला लागले, तेव्हा त्यांनी निदर्शनं केली आणि 1964 साली सरकारला त्यांना पुरते ज्यू मानणं भाग पडलं. आणि तिथे बसून त्यांनी नियतकालिक काढलं ते मराठीत, नाव 'मायबोली'. बंड्या, इंदुरात बसून तू मराठीत शेवटचं काय लिहिलंस?

"पत्रिका छापली होती," बंड्या म्हणाला. "मुंजीची."

मग मी त्यांना दुसऱ्या कब्रस्तानाचं सांगितलं. तिथून थोडं पुढे, एका वाडीच्या मागे. तिथल्या दगडांवर अक्षरं होती. वर हिब्रू, खाली देवनागरी. एका थडग्यावर शेवाळ धरलं होतं, ते रुमालाने पुसत गेलो तसं आधी 'बाई' वाचता आलं, मग 'मरण पावली'. हिब्रू कुठे येतंय मला! पण खालच्या दोन ओळी आजीच्या हस्ताक्षरातल्या वाटाव्यात इतक्या ओळखीच्या. नीट दिसावं म्हणून वरचे खडे हाताने झाडून टाकले. शेजारच्या दगडावरचेही टाकले. दुरून एक म्हातारा कुंपणापाशी येऊन बघत होता. तो म्हणाला, "ते खडे वाऱ्याने आलेले नाहीत. भेटायला येतात ते ठेवून जातात. आपण फूल वाहतो तसं."

ओटल्यावर क्षणभर कुणी काही बोललं नाही. पोहेवाल्याने प्लेटा उचलल्या.

"म्हणजे कुणीतरी येतं," अप्पा म्हणाले. व्हाउचर मिळाल्यासारखे.

"मग, परत ठेवलेस का?" बंड्याने विचारलं.

"ठेवले. गवतात चाचपून जेवढे सापडले तेवढे."

"ज्याचे त्याच्या दगडावर?"

"ते कसं कळणार?"

"घ्या!" बंड्या उठला, खिशातून नोट काढत. "आणि लोक म्हणतात, प्लॉटचे घोळ आम्ही करतो."