सातबाऱ्यावर नाव शोधून थांबू नका

आमच्या रत्नागिरीकडे गणपतीत चाकरमानी गावी आले की आरत्यांच्या जोडीने जमिनीच्या कागदांवर सह्याही होतात. सातबारा हातात आला की जो तो आजोबांचं नाव शोधतो, सापडलं की निर्धास्त होतो. बाकीचे शब्द कुणी कुणाला उलगडून सांगत नाही. मला हे फार धोक्याचं वाटतं.

‘कूळ’च घ्या. मुळात संस्कृत शब्द, अर्थ घराणं. महसुलाच्या भाषेत तो दुसऱ्याची जमीन खंडाने, म्हणजे मोबदला देऊन, कसणाऱ्याला चिकटला. कोकणात या कुळाच्या डोक्यावर खोत. गावचा सारा सरकारात भरायचा खोताने, आणि कुळाकडून वसूल करायचं त्याहून कितीतरी जास्त. पिकाचा अर्धा वाटा घालणारा तो ‘अर्धेल’. वर वेठ, म्हणजे फुकटची सक्तीची राबणूक, होतीच. याविरुद्ध अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी शेतकरी नेते नारायण नागू पाटलांबरोबर 1933 पासून वर्षानुवर्षं संप केला. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. एवढं सगळं त्या दोन अक्षरांमागे आहे!

1948 च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 रोजी जमीन कसत असलेली बहुतेक कुळं कायद्याने खरेदीदार मानली गेली. पण त्या कायद्याच्या कलम 32ग खाली किंमत ठरवून, ती भरून कलम 32म चा खरेदीचा दाखला घेणं कित्येक घरांत राहूनच गेलं. म्हणून मालक म्हणून एकाचं नाव आणि ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ म्हणून दुसऱ्याचं, असे सातबारे आजही निघतात. घेणारा आणि विकणारा दोघांनीही तो रकाना आधी वाचायला हवा.

हक्क, वारस, मयत, कब्जा हे शब्द मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. शिवाजी महाराजांनी अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी हे टिकले. ते बदलावेत असं मला मुळीच वाटत नाही, चार पिढ्यांचे दस्त त्यांच्यातच आहेत. ते शिकवा मात्र. दहावीच्या मुलाला सातबारा वाचता यायला काय हरकत आहे?

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो बहिणींसाठी. ‘वारस लावायचेत, सही कर’ म्हणतात आणि पुढे कागद सरकवतात तो हक्कसोडपत्राचा. वारसनोंदीने तिचं नाव चढतं, हक्कसोडीने तिचा हिस्सा जातो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशभर तो 2005 मध्ये आला. हिस्सा सोडायचा असेल तर खुशाल सोडावा, पण काय सोडतोय ते कळून.

तेव्हा ताई, सहीआधी कागदाचं शीर्षक वाच. सातबाऱ्यावर नावापुढे कंसात जे आकडे दिसतात ते फेरफाराचे, म्हणजे नोंदीतल्या बदलाचे, नंबर. त्या फेरफारांच्या नकला काढून घे. कुणाचं नाव कधी, कशाने चढलं आणि कशाने कमी झालं, ते तिथे लिहिलेलं असतं.