खुलासा : ऑड्युबॉनचे पक्षी तांब्यावर कोरले कोणी?

‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ या पक्ष्यांच्या चित्रग्रंथातल्या फ्लेमिंगोचं चित्र सध्या फिरतंय, खाली ओळ आहे : ‘ऑड्युबॉनने स्वतः कोरून, रंगवून छापलेलं’. हे चूक आहे. जॉन जेम्स ऑड्युबॉनने मूळ चित्रं काढली, तीही अप्रतिम. पण छापण्यासाठी ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरली दुसऱ्यांनी. एडिनबर्गच्या विल्यम लिझार्स यांनी सुरुवातीचे दहा पत्रे केले. त्यांच्याकडच्या रंगाऱ्यांनी संप केला आणि काम लंडनला, रॉबर्ट हॅवेल धाकटे यांच्याकडे गेलं. १८२७ ते १८३८ या काळात एकूण ४३५ चित्रं निघाली.

हॅवेल यांची खरी करामत अ‍ॅक्वाटिंटची. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, मग आम्लाने तांबं थोडं थोडं खाऊ द्यायचं. जितकं खोल, तितकी छटा गडद. पिसांवरची ती मऊ सावली अशी येते. रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हाताने भरले जायचे, त्यासाठी रंगाऱ्यांचा ताफा होता. काही चित्रांतली पार्श्वभूमीही हॅवेल यांचीच.

पुरावा चित्रातच आहे. खालचा कोपरा मोठा करून बघा, बारीक अक्षरांत लिहिलंय : कोरलं, छापलं, रंगवलं आर. हॅवेल यांनी. फिरणाऱ्या चित्रात नेमकी तीच पट्टी कापलीय, याचं फार वाईट वाटतं. पुढे पाठवताना कृपया अख्खं चित्र पाठवा.