एडेश्कोचा पाय आणि मॅकमिलनची माघार

परवा सामना संपल्यावर मैदानाबाहेरच्या कट्ट्यावर म्युनिक ऑलिंपिकमधली अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांची बास्केटबॉलची अंतिम लढत पुन्हा निघाली, कारण थ्रो-इन करणाऱ्या, म्हणजे बाहेरून चेंडू आत टाकणाऱ्या मुलाचा बूट रेघेला लागूनही पंचांनी शिट्टी वाजवली नाही, आणि त्यावरून आमचे वकीलसाहेब तावातावाने कट्ट्यावर येऊन बसले होते. नियमपुस्तक न उघडता निकाल देण्याची त्यांची खोड मला मनापासून खटकते.

"१९७२ मध्ये हेच झाले," ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "सोव्हिएत संघाच्या एडेश्कोने रेघेवर पाय दिला, सबंध मैदान ओलांडून आपल्या बेलोवकडे चेंडू फेकला आणि अमेरिकेचे सुवर्ण ५१-५० असे गेले. रेघ म्हणजे रेघ!"

शाळेतल्या मुलांना खेळवण्यात आणि पंचगिरीत हयात घालवलेल्या मास्तरांनी शांतपणे विचारले, "रेघ आत धरायची की बाहेर?"

वकीलसाहेब थबकले.

"रेघ बाहेरच असते. आतल्या खेळाडूचा पाय तिला लागला तर तो बाहेर गेला असे तुम्हीच ओरडता. मग बाहेर उभ्या असलेल्याचा पाय त्याच रेघेला लागला तर तो आत कसा आला? चेंडू हातात असताना रेघेपलीकडे मैदानात पाऊल पडले, तरच नियम मोडतो."

"आणि एडेश्को रेघेच्या कडेने सरकला, त्याचे काय?" वकीलसाहेबांनी बाजू बदलली.

"आदल्याच क्षणी अमेरिकेच्या कॉलिन्सने फाऊलबद्दल मिळालेला दुसरा फ्री थ्रो टाकून ५०-४९ केले होते. बास्केट झाल्यावर बास्केटच्या मागच्या शेवटच्या रेघेमागे हवे तितके सरकता येते. एरवी नेमून दिलेल्या जागेपासून एकूण एक मीटर."

कॉलेजात खेळणाऱ्या आमच्या धाकट्याने विचारले, "मास्तर, चेंडूसकट हात रेघेच्या आत आला तर?"

"फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमात चालतो, पण बचाव करणाऱ्याने त्या हातातल्या चेंडूला शिवायचे नाही. अमेरिकेतल्या शाळांच्या नियमात मात्र रेघेच्या आत आलेला चेंडू तो हिसकावू शकतो. तिथल्या क्लिप पाहून इथे भांडू नकोस."

मला स्वतःला वाटते, की एडेश्कोच्या पायावर घातलेल्या वादात खरा अन्याय झाकला जातो. अमेरिकेचा मॅकमिलनसारखा उंच खेळाडू हात उंचावून त्याच्यासमोर उभा होता. पंच अराबाजियान यांनी काहीतरी खूण केली, ती मागे हटण्याची आहे असे समजून तो मागे गेला, आणि फेक मोकळी झाली. आपण तसे सांगितलेच नव्हते, असे त्या पंचांनी नंतर म्हटले. त्याआधी फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी, अधिकार नसताना, घड्याळावर तीन सेकंद परत लावायला लावले होते. अमेरिकेची तक्रार पाच जणांच्या समितीने फेटाळली आणि त्या संघाने रौप्यपदके आजवर स्वीकारलेली नाहीत.

"आज तो मॅकमिलन कुठे उभा राहिला असता?" धाकट्याने विचारले.

"रेघेबाहेर पुरेशी मोकळी जागा असेल तर अगदी रेघेपाशी," मास्तर म्हणाले. "फक्त अंगाचा कोणताही भाग रेघेपलीकडे जाता कामा नये. शेवटच्या दोन मिनिटांत तर पंच आधी खुणेने बजावतात, आणि तरीही रेघ ओलांडली तर थेट टेक्निकल फाऊल, म्हणजे धक्का न लागताही दिला जाणारा फाऊल."

एवढ्यात वकीलसाहेबांनी जुने उकरलेच. "मग त्या आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्यात तुम्ही माझी थ्रो-इन का रद्द केलीत? माझाही पाय रेघेवरच होता!"

"रेघेवर तुमची टाच होती, वकीलसाहेब. बाकीचा सबंध पंजा मैदानात होता."

"टाच बाहेर म्हणजे मी बाहेर!" वकीलसाहेब गरजले, आणि पुढचे मास्तरांचे उत्तर आमच्या हसण्यात कोणालाच ऐकू गेले नाही.