हेडफोन जॅकची बाजू मी सोडणार नाही

नमस्कार,

फोनमध्ये हेडफोन जॅक, म्हणजे तारेच्या इअरफोनची पिन खोचायची जागा, राहायला हवी असं म्हणणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वायरलेस इअरफोन आता हजाराच्या आत मिळतात, जॅक काढल्यामुळेच फोनमध्ये पाणी शिरत नाही, रेडिओच ऐकायचा तर आकाशवाणीचं ॲप आहे, सोलापुरात बसून जुन्याला कवटाळण्यात अर्थ नाही.

पाण्याचं आधी. 2016 साली आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 7 ला जॅकही होता आणि धूळ-पाण्यापासून आयपी 68 दर्जाचं संरक्षणही. त्याच वर्षी सप्टेंबरात ॲपलने आयफोन 7 चा जॅक काढला आणि त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स जाहीर केले. सॅमसंगने जाहिरातीतून ॲपलची टर उडवली, पण 2019 च्या नोट 10 मध्ये स्वतःही तेच केलं. पाण्याचं कारण मला पटत नाही ते यामुळे. आवाजाबद्दल माझी तक्रार नाही, वायरलेसवर गाणी मीही ऐकते.

माझा जीव अडकलाय तो रेडिओत, आणि तुम्ही तो एका वाक्यात निकालात काढलात. बहुतेक फोनमधल्या एफएमला वेगळी अँटेना नसते, इअरफोनची तार हीच त्याची अँटेना. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे 3 मीटर असते. ती पकडायला मीटरभर तार पुरते, पण ब्लूटूथ इअरफोनला फोनशी जोडणारी तारच नसते. त्यामुळे जॅक गेला की बहुतेक वेळा एफएमही जातो.

एखाद्या दुपारी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत चक्कर मारा. विडी कामगारांची 10,000 घरं आहेत तिथे. बायका दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे हात थांबवून चालत नाही आणि नजर पानावरून हलवता येत नाही. करमणूक व्हायची ती कानानेच. शेजारी फोन, त्यात इअरफोनची पिन खोचलेली आणि गाणी मात्र स्पीकरवर, म्हणजे दोघी-तिघींना मिळून ऐकता येतात. कधी त्या इअरफोनचे दोन्ही कान कधीचेच बंद पडलेले असतात. तरी तो कुणी टाकून देत नाही, कारण तार शाबूत असली की स्टेशन लागतं.

या बायकांना ॲप चालवा म्हणून कसं सांगायचं? दिवसभर ॲप लावलं तर डेटा जातो, आणि घरातल्या त्याच डेटावर मुलांचा अभ्यासही चालतो. एफएमला डेटा लागत नाही.

हजार रुपयेही एकदाच जात नाहीत. वायरलेसच्या कानातल्या इवल्याशा बॅटऱ्या काही वर्षांत दम सोडतात आणि बहुतेकांत त्या बदलायची सोयच नसते. पहिले एअरपॉड्स उघडून पाहिल्यावर आयफिक्सिट या उपकरणं किती दुरुस्त होतात ते तपासणाऱ्या संस्थेने दुरुस्तीसाठी 10 पैकी 0 गुण दिले होते. तारेच्या इअरफोनची पिन तुटली तर हात बसलेला कारागीर नवी पिन सोल्डर करून देतो.

एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानेही फोन कंपन्यांना एफएमची सोय चालू ठेवायला सांगितलं. इंटरनेट नसलेल्यांपर्यंत, विशेषतः आपत्तीच्या वेळी, सूचना पोचाव्यात हा त्यामागचा हेतू. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला केवढा पूर आला होता, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. अशा वेळी मोबाइल टॉवर बंद पडला की ॲपही बंद. एफएमला तो टॉवर लागतच नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, मग नवे फोन घ्यायचेच नाहीत का? जरूर घ्या. स्वस्त फोनमध्ये अजूनही जॅक मिळतो. घरातल्या मोठ्यांसाठी घेणार असाल तर जाताना साधा तारेचा इअरफोन खिशात टाका. जॅक असूनही काही फोनमध्ये एफएम नसतं, म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच सोलापूर आकाशवाणी लावून बघा.