रंगीत लेबलं कशाला? चिकटपट्टी आहे ना!

ओटीसाठी, म्हणजे ऑपरेशन थिएटरसाठी, औषधांच्या सिरिंजवर लावायला मागवलेली रंगीत लेबलं ‘अनावश्यक खर्च, चिकटपट्टी वापरावी’ असा शेरा मारून नामंजूर झाली आहेत. शेरा शिरसावंद्य. तुमच्याकडेही अशी काटकसर करायची असेल, तर पद्धत नीट समजून घ्या.

सगळी औषधं ५ मिलीच्या सिरिंजमध्येच भरा. स्नायू शिथिल करणारं ॲट्राक्युरियम पाण्यासारखं, त्याचा उतारा निओस्टिग्मिन-ग्लायको पाण्यासारखं, गुंगीचं मिडॅझोलामही तसंच. आधी सगळ्या सिरिंज भरून घ्या, मग आठवून आठवून पट्ट्या डकवा. फेंटानिल या जबर वेदनाशामकाच्या पट्टीवर बॉलपेननं नुसतं ‘फेंटा’ लिहा. मिलीला ५० मायक्रोग्रॅम, की पातळ करून १०, हे टोचणाऱ्यानं ओळखावं. सॅनिटायझरचा हात लागला की तेवढंही पुसलं जातं.

आयएसओ २६८२५ नावाचं मानक २००८ पासून आहे. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांना लाल, त्यांच्या उताऱ्याला लाल-पांढरे तिरके पट्टे, ओपिऑइडला (फेंटानिलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांना) निळा, भूल सुरू करणाऱ्यांना पिवळा, रक्तदाब चढवणाऱ्यांना जांभळा. एवढे रंग आपल्याकडे फक्त रंगपंचमीला. ऑपरेशन संपताना उताऱ्याऐवजी पुन्हा ॲट्राक्युरियम गेलं, तर पेशंट शुद्धीवर येतो, सगळं ऐकतो, फक्त श्वास घेता येत नाही आणि हात हलवून सांगताही येत नाही. म्हणजे तक्रार नाही.

लेबल लावायचंच झालं तर मिलीच्या रेघांवर लावा.

आता कपाट. टेंडरमध्ये सर्वांत स्वस्त कंपनी निवडा, दर खेपेला वेगळी. हेवी बुपिवाकेन (पाठीत टोचायची भूल, म्हणजे स्पायनल) ४ मिली, ट्रॅनेक्सामिक ॲसिड (रक्तस्राव थांबवायला शिरेतून द्यायचं) ५ मिली. दोन्ही काचेच्या अँप्यूलमध्ये (मान मोडून उघडायच्या कुपीत), दोन्ही रंगहीन, वरची अक्षरं भिंगाशिवाय न दिसणारी. सिझेरियनला दोन्ही लागतात, तेव्हा एकाच खणात ठेवा. रात्री अडीचला घाईत हाताला लागेल ती फोडा. ट्रॅनेक्सामिक पाठीच्या मणक्यात गेलं की आधी पाठीत आणि कुल्ल्यांत असह्य कळा, मग पाय झटकू लागतात, मग आकडी, मग व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. प्रसिद्ध झालेल्या प्रकरणांत निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावलेत. याला उतारा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये इशारा दिला, ही दोन औषधं वेगळी ठेवा म्हणून. पण त्या इशाऱ्याला तीन कोटेशनं जोडलेली नव्हती, त्यामुळे तो कुठल्या फायलीत गेला देव जाणे. बाई गेल्यावर मात्र फाइल पटकन सापडते! सिस्टरला मेमो, भूलतज्ज्ञाला पोलीस ठाणं, आणि वर विचारायचं, ‘वाचून का घेतलं नाही?’ अहो, वाचायला अक्षर दिसायला तर हवं! तो माल घेतला कुणी?

पुरे झालं. सिरिंजवरच्या लेबलानं चुकीची अँप्यूल फोडणं थांबत नाही, हे आम्हालाही कळतं. म्हणूनच दोन्हीकडे लक्ष घालायचं असतं. अँप्यूल फोडण्यापूर्वी दुसऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. एका वेळी एकच औषध भरायचं आणि सिरिंज हातातून खाली ठेवण्याआधी लेबल लावायचं: नाव, मिलीला किती, तारीख, वेळ, सही. कंपनी बदलली की नवी अँप्यूल आधी कपाटातल्या बाकीच्यांशेजारी धरून बघायची, कशासारखी दिसते ते. खरेदीवाल्यांनो, हे काम तुमचं आहे, सिस्टरचं नाही. दोन रुपये वाचवल्याची शाबासकी घेता, तर त्या दोन रुपयांनी काय होतं ते बघायला एकदा ओटीत येऊन उभे राहा. आणि ओटीतल्यांनो, तुम्ही समितीच्या सहीची वाट बघू नका. ट्रॅनेक्सामिकचा खोका स्पायनलच्या ट्रॉलीतून काढायला कुणाची मंजुरी लागत नाही. काढा, आत्ता.