गिटारची घोडी आणि गोंदाचे दोन थेंब

‘जुन्या गिटारची घोडी तुटली? जुन्या खुणेवर नवी ठेवा, झटपट गोंदाचे दोन थेंब टाका. नाही धरलं तर दोन स्क्रू मारा. तेही जमेना तर गिटार भंगारात द्या.’ आमच्या जळगावच्या ग्रुपवर हा सल्ला दर महिन्याला कुणीतरी टाकतंच, आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. (घोडी म्हणजे गिटारच्या समोरच्या फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी.)

गोंदाचं आधी सांगतो, कारण मी ते करून बसलोय. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की मिळून 70 किलोच्या आसपास ताण येतो. म्हणजे केळीचे तीन भरलेले घड घोडीला कायमचे बांधून ठेवलेत समजा. झटपट गोंद कडक वाळतो, धक्क्याने तडकतो, आणि काही सेकंदांतच धरत असल्याने घोडी जागेवर आणायलाही सवड देत नाही. मामाच्या गिटारला मी तोच लावला. मे महिन्यात, पारा 45 वर असताना, भरदुपारी आतल्या खोलीतून ‘टक्’ असा आवाज आला. तारा अडकवायच्या पिनांच्या भोकांच्या ओळीत घोडी चिरलेली. अर्धी उखडून आलेली, तिच्या पोटाला टॉपच्या (समोरच्या फळीच्या) लाकडाचे तंतू आणि काचेसारखी पांढरी खपली.

स्क्रूबद्दल फार बोलायला नको. टॉप जेमतेम तीन मिलिमीटरचा, त्यात स्क्रू काय धरणार? काही गिटारींना कारखान्यातूनच बोल्ट येतात हे खरं, पण ते गोंदाच्या जोडीला.

‘जुन्या खुणेवर ठेवा’ हे मात्र सगळ्यात फसवं. खूण जुन्या घोडीची असते. नव्या घोडीत सॅडलची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या बारीक पट्टीची, खाच दोन मिलिमीटर मागेपुढे असली की संपलं. मोकळी तार सुरात, आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबली की बेसूर. मोजायचं ते नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून. नट ते बारावा फ्रेट 324 मिलिमीटर असेल, तर तिथून सॅडल आणखी 324 वर, शिवाय बारीक तारेला दोनेक आणि जाड तारेला चार-पाच मिलिमीटर जास्त. सॅडल तिरकं असतं ते म्हणून.

शेवटी गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी सुरी गरम करून उरलेला तुकडा हळूहळू सोडवला, जुना गोंद खरवडला. मी पॉलिशवरच नवी घोडी ठेवायला निघालो, तर म्हणाले, “भो, पॉलिशवर गोंद लावशील तर पॉलिशच उखडून येईल. लाकडाला लाकूड लागू दे.” टॉपला फुगवटा होता, म्हणून नव्या शिसवी घोडीचं पोट पॉलिश पेपरवर घासून तसंच गोलसर केलं. लाकूडकामाचा पिवळा गोंद, साउंडहोलमधून (गिटारच्या गोल भोकातून) हात घालून आवळलेले क्लॅम्प, आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. (उन्हात बंद गाडीत ठेवली तर हाही गोंद मऊ पडतो. खानदेशात हे विसरू नका.)

भंगाराचं म्हणाल तर मान पिळली असेल, टॉप आत खचला असेल, तर विचार करा. नुसत्या घोडीसाठी नाही. मामाची गिटार वाजतेय, आणि उरलेल्या शिसवीच्या तुकड्याची काकांनी पटाशीला मूठ बसवलीय.